प्रॅक्टिकलच्या आधीचा व्हिडिओ: एका टायट्रेशनच्या निमित्ताने

प्रथम वर्ष बी.एस्सी.च्या रसायनशास्त्र प्रात्यक्षिकाला वीस जणांची बॅच आत येते, तेव्हा पहिली वीस-पंचवीस मिनिटे कशी जातात हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. फळ्यावर हेतू, समीकरण आणि निरीक्षणांचा तक्ता लिहिला जातो, शिक्षक सगळ्यांना एका ब्युरेटभोवती (मापाच्या रेषा आणि खाली तोटी असलेल्या उभ्या काचनळीभोवती) गोळा करून कृती दाखवतात, पुढच्या चार-पाच जणांना ती दिसते आणि मागच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. मग सगळे आपापल्या टेबलाशी गेले की "सर, आता काय घालायचं?" हा एकच प्रश्न खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून येऊ लागतो. आदल्या दिवशी मोबाइलवर पाहायचा पाच मिनिटांचा व्हिडिओ हा प्रश्न बऱ्याच अंशी मिटवू शकतो, मात्र त्यासाठी तो विशिष्ट पद्धतीने करावा लागतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रात्यक्षिकाच्या दिवशी शिक्षकाला स्वतःची सवय बदलावी लागते. पुढील सूचना पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडच्या नेहमीच्या टायट्रेशनला, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने घालून तीव्रता मोजण्याच्या प्रयोगाला, धरून दिल्या आहेत, कारण हा प्रयोग जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात होतो आणि नवख्या विद्यार्थ्याच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका त्यात पाहायला मिळतात.

व्हिडिओ कशासाठी हवा हे आधी ठरवावे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये माणसाच्या तात्कालिक स्मृतीत एका वेळी साधारण सातच घटक मावतात असे मांडले, आणि पुढे ग्लासगो विद्यापीठातील ॲलेक्स जॉनस्टन यांनी हाच विचार रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला लावला. नवीन उपकरणे, नवीन नावे, तोंडी सूचना, लेखी सूचना, हातांची अनोळखी हालचाल आणि त्यामागचे तत्त्व हे सगळे एकाच वेळी विद्यार्थ्यावर येऊन कोसळते, आणि तो विचार करणे सोडून पाककृतीसारखा एकेक ओळ उरकत जातो, हे त्यांचे निरीक्षण आपल्याकडच्या कोणत्याही प्रयोगशाळेला आजही तंतोतंत लागू पडते. हा भार हलका करण्यासाठी त्यातला जो भाग आधी उचलता येईल तो आधी उचलावा, आणि असा भाग म्हणजे उपकरणांची ओळख, हातांची हालचाल आणि डोळ्यांनी नेमके काय टिपायचे याची तयारी. तत्त्व आणि आकडेमोड यांसाठी छापील पान पुष्कळ चांगले, कारण ते हवे तितके थांबून वाचता येते. व्हिडिओत फळ्यापुढे उभे राहून ऑक्सिडेशन नंबर समजावणे म्हणजे पाहणाऱ्याचा वेळ आणि डेटा दोन्ही वाया घालवणे होय.

माझा पहिला व्हिडिओ नेमका तसाच होता. बावीस मिनिटांचा, त्यातली चौदा मिनिटे थिअरी, आणि शेवटी घाईघाईने चित्रित केलेली कृती. त्या कृतीत ब्युरेट भरल्यावर मी वरचे फनेल काढायला विसरलो होतो. पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत पाहिले, तर ज्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला होता त्या सगळ्यांच्या ब्युरेटवर फनेल जसेच्या तसे होते, आणि एकीच्या ब्युरेटमध्ये तर टायट्रेशन चालू असताना फनेलच्या नळीला लटकलेला थेंब खाली पडताना मी स्वतः पाहिला. विद्यार्थी व्हिडिओ पाहत नाहीत अशी तक्रार आपण करतो, पण जे पाहतात ते आपल्या कल्पनेपेक्षा फार बारकाईने पाहतात. त्यामुळे चित्रणाच्या वेळी अंगात ॲप्रन आणि डोळ्यांवर गॉगल असलाच पाहिजे आणि पिपेटला (ठरावीक माप द्रावण ओढून घेण्याच्या नळीला) रबरी फुगा लावलेलाच असला पाहिजे. तोंडाने पिपेट ओढण्याची सवय काही प्रयोगशाळांत अजून टिकून आहे, आणि ती व्हिडिओत एकदा जरी दिसली तरी लेखी सूचनांना काही अर्थ उरत नाही.

संहिता आणि चित्रण

एका व्हिडिओत एकच प्रयोग, आणि तोही तुकड्यांत घ्यावा. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा जो अभ्यास फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहणाऱ्याचा मध्यम वेळ सहा मिनिटांपलीकडे जात नाही असे दिसले. या टायट्रेशनसाठी मी चार तुकडे करतो: ब्युरेट धुऊन भरणे, पिपेटने दहा मिलिलिटर द्रावण घेणे, गरम करून टायट्रेशन करणे, आणि रीडिंग घेणे. प्रत्येक तुकडा चाळीस सेकंदांपासून दीड मिनिटापर्यंतचा असतो. पहिले दोन तुकडे आणि शेवटचा तुकडा वर्षभरातल्या प्रत्येक टायट्रेशनला चालतात, नवीन करावा लागतो तो फक्त तिसरा, ही यातली खरी बचत आहे.

चित्रणाआधी कागदाचे दोन भाग करून डावीकडे काय दिसणार आणि उजवीकडे काय बोलणार हे लिहून काढावे. उजवीकडचे वाक्य डावीकडच्या दृश्यापेक्षा लांब झाले, तर बहुधा ते वाक्य छापील पानावर जायला हवे असते. उदाहरणार्थ, डावीकडे "ब्युरेटमध्ये परमँगनेटचे पाचेक मिलिलिटर घेऊन ती आडवी करून फिरवणे, मग स्टॉपकॉकमधून (खालच्या तोटीतून) ते बीकरमध्ये सोडून देणे" असे दृश्य असेल, तर उजवीकडे "ब्युरेट पाण्याने धुतल्यावर ती जे द्रावण भरायचे त्यानेच एकदा विसळा, नाहीतर आत राहिलेल्या पाण्याने द्रावण पातळ होईल" एवढे एकच वाक्य पुरेसे आहे. त्याच्या लगेच पुढे कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त पाण्याने विसळून ओलाच वापरताना दाखवावा आणि कारण सांगू नये. ते कारण विद्यार्थ्याने शोधायचे आहे, आणि पुढे प्रश्नांमध्ये ते विचारायचे आहे.

कॅमेरा समोर ठेवण्याचा मोह टाळावा. समोरून घेतलेल्या चित्रात शिक्षकाचा डावा हात पाहणाऱ्याच्या उजवीकडे येतो, आणि डाव्या हाताने स्टॉपकॉक पेलायचा व उजव्याने फ्लास्क हलवायचा ही मूळ गोष्टच उलटी शिकली जाते. मोबाइल खांद्याच्या मागून, म्हणजे करणाऱ्याला जसे दिसते तसे दिसेल अशा बेताने लावावा. त्यासाठी ट्रायपॉड नसला तरी अडत नाही, कारण प्रयोगशाळेत रिटॉर्ट स्टँड आणि क्लॅम्प भरपूर असतात. क्लॅम्पच्या जबड्यांना कापड गुंडाळले की मोबाइल त्यात घट्ट बसतो, आणि उंची स्क्रू फिरवून हवी तशी बदलता येते.

मेनिस्कसचे, म्हणजे नळीतल्या द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाचे, दृश्य हा सगळ्या चित्रणातला सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी भाग आहे, म्हणून त्याला सवडीने एक वेगळा दिवस द्यावा. ब्युरेटच्या मागे पांढरा कागद धरावा, लेन्स बरोबर द्रावणाच्या पातळीवर आणावी आणि मग कॅमेरा चालू ठेवूनच तो हळूहळू वर न्यावा, पुन्हा पातळीवर आणावा आणि खाली न्यावा. द्रावण जागचे हललेले नसतानाही वरून पाहिले की रीडिंग कमी दिसते आणि खालून पाहिले की जास्त दिसते, हे त्या सलग दृश्यात इतके स्पष्ट उमटते की पॅरॅलॅक्सची व्याख्या पाठ करून घेण्याची गरज उरत नाही. ब्युरेटचा शून्य वर असल्यामुळे असे होते आणि मेजरिंग सिलिंडरमध्ये हेच उलटे होईल, ही गोष्ट एका वाक्यात सांगावी. परमँगनेट गडद असल्याने मेनिस्कसची खालची कड दिसत नाही आणि वरची कड वाचावी लागते, हेही येथेच दाखवावे. नंतरच्या प्रयोगात रंगहीन सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमध्ये आले की पुन्हा खालची कड वाचायची असते, आणि दोन्ही दृश्ये शेजारी-शेजारी ठेवली तर गोंधळ होत नाही.

रंगाच्या बाबतीत मोबाइल फसवतो. कॅमेरा आपणहून उजेड आणि पांढरेपणा जुळवत राहतो, त्यामुळे एन्ड पॉइंटचा, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्याच्या क्षणाचा, जो अगदी फिकट गुलाबी रंग दाखवण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तोच पडद्यावर नाहीसा होतो. फ्लास्कखालच्या पांढऱ्या टाइलवर बोट दाबून धरल्यास बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतात. तेवढ्याने रंग पूर्ण स्थिर होत नसेल, तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून ठेवावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावर पट्टे सरकताना दिसू शकतात. प्रो मोडमध्ये शटर १/५० सेकंदावर ठेवल्यास ते जातात, किंवा सकाळी खिडकीच्या उजेडात चित्रण केल्यास हा प्रश्नच येत नाही.

आवाज नंतर द्यावा. पंखा, एक्झॉस्ट आणि सिंकमधले पाणी यांच्या गोंगाटात बोललेले काहीच धड ऐकू येत नाही. घरी शांत खोलीत मोबाइलवरच निवेदन ध्वनिमुद्रित करून ते चित्रावर बसवणे सोपे जाते. निवेदन ध्वनिमुद्रित करून कापायला-जोडायला ऑडॅसिटीसारखी मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत, आणि ती वापरायची कशी हे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायरीपायरीने शिकवलेले आहे.

भाषेविषयी माझे मत स्पष्ट आहे. पाठ्यपुस्तक, जर्नल आणि परीक्षा इंग्रजीत असली तरी निवेदन मराठीत असावे, आणि पडद्यावर मात्र उपकरणांची व रसायनांची नावे परीक्षेत लिहायची तशी इंग्रजीत उमटावीत. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी प्रयोगशाळेत गप्प राहतो, ते बहुधा त्याला विषय कळत नाही म्हणून नव्हे, तर समोरच्या वस्तूचे नाव काय हे विचारायची लाज वाटते म्हणून. पिपेट, स्टॉपकॉक, ॲलिक्वोट, कॉन्करंट रीडिंग हे शब्द त्याने आदल्या रात्री घरी दोनदा ऐकलेले असले, तर दुसऱ्या दिवशी तो ते बिनधास्त वापरतो.

काय दाखवावे आणि काय राखून ठेवावे

चुका मुद्दाम दाखवाव्यात. या प्रयोगात सुरुवातीचा परमँगनेटचा थेंब फ्लास्कमध्ये पडला की काही सेकंद गुलाबी रंग तसाच राहतो, आणि नवखा विद्यार्थी एन्ड पॉइंट आला असे समजून ०.२ मिलिलिटरला रीडिंग लिहून मोकळा होतो. खरे तर अभिक्रियेतून तयार होणारे मँगनीज आयन पुढच्या अभिक्रियेला वेग देतात, म्हणून सुरुवात संथ असते आणि नंतरचे थेंब क्षणात रंगहीन होतात. हा पहिला थेंब न कापता, न घाई करता, आहे त्या वेळात पूर्ण दाखवावा. दुसरी चूक म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड घालायचे विसरणे किंवा फारच कमी घालणे, ज्यामुळे फ्लास्कमधले द्रावण तपकिरी आणि गढूळ होते. तो मँगनीज डायऑक्साइडचा रंग एकदा पाहिलेला विद्यार्थी पुढे स्वतःच्या टेबलावर तो दिसताच फ्लास्क रिकामा करतो, शिक्षकाला हाक मारत नाही. तिसरी चूक तापमानाची. द्रावण साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करायचे असते, उकळायचे नसते, आणि गार झाले तर अभिक्रिया पुन्हा मंदावते. व्हिडिओत थर्मामीटरचे जवळून दृश्य घ्यावे, आणि हाताला सोसवेल-न सोसवेल असा अंदाज सांगू नये, कारण तो प्रत्येकाचा वेगळा असतो.

अपघात मात्र रंगवून दाखवू नयेत. ॲसिडमध्ये पाणी ओतल्यावर काय होते याचे नाट्यमय दृश्य लक्षात राहते ते त्यातल्या नाट्यामुळे, आणि एखाद्या उत्साही मुलाला ते करून पाहावेसे वाटते. पाण्यात ॲसिड हळूहळू, ढवळत घालताना दाखवावे, एवढे पुरे.

आणि शेवटचे रीडिंग कधीही दाखवू नये. आपल्या प्रयोगशाळांत रीडिंग कुक करण्याची कला पूर्वापार चालत आलेली आहे. १० मिलिलिटर ऑक्झॅलिक ॲसिडला ९.८ मिलिलिटर परमँगनेट लागते असे व्हिडिओत दिसले, तर संपूर्ण बॅचच्या जर्नलमध्ये ९.८, ९.८, ९.७ असे आकडे शिस्तीत उमटतील. चित्रणासाठी वेगळ्या तीव्रतेचे द्रावण घ्यावे, रीडिंग घेण्याची पद्धत दाखवावी, आणि एन्ड पॉइंटच्या क्षणी ब्युरेटचा आकडा चौकटीबाहेर ठेवावा. गुलाबी रंग सुमारे तीस सेकंद टिकतो का हे पाहताना पडद्यावर सेकंद मोजून दाखवावेत. प्रत्यक्ष प्रात्यक्षिकात दोन-तीन वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणे बाटल्यांवर फक्त अ, ब, क लिहून ठेवली, तर शेजारच्या टेबलाकडे पाहण्यात काही फायदा राहत नाही.

विद्यार्थ्यांपर्यंत पोचवणे

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ लहान करून पाठवला जातो आणि त्यात ब्युरेटच्या बारीक रेषा पुसट होतात. तोच व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ दर्जा राहतो. यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवून त्याची लिंक देणे हा दुसरा मार्ग. ज्यांच्याकडे मोबाइल नाही किंवा घरात एकच मोबाइल तीन भावंडांत फिरतो, असे विद्यार्थी प्रत्येक बॅचमध्ये असतात, आणि ते हे आपणहून सांगत नाहीत. त्यांच्यासाठी विभागातल्या एखाद्या संगणकावर सगळे तुकडे ठेवून, प्रात्यक्षिकाच्या आधीच्या दुपारी तो सर्वांसाठीच खुला ठेवावा, म्हणजे कोणावर वेगळी खूण लागत नाही. प्रत्येक टेबलावर ब्युरेट स्टँडच्या तळाशी संबंधित तुकड्याचा क्यूआर कोड चिकटवला, तर कृती करताना अडलेला विद्यार्थी चाळीस सेकंदांत स्वतःची शंका फेडू शकतो. त्यासाठी मोबाइल प्रयोगशाळेत आणू द्यावा की नाही याबद्दल विभागात मतभेद होतील, ते आधी मिटवून घ्यावेत.

व्हिडिओ दोन दिवस आधी द्यावा आणि त्यासोबत गूगल फॉर्मवर चारच प्रश्न असावेत. "परमँगनेटचे सूत्र लिहा" असे नव्हे, तर ज्यांचे उत्तर व्हिडिओ पाहून विचार केल्याशिवाय देता येत नाही असे. कॉनिकल फ्लास्क ओला चालतो पण ब्युरेट का चालत नाही? हायड्रोक्लोरिक ॲसिड का घ्यायचे नाही? उभे राहून वरून वाकून रीडिंग घेतले तर उत्तर कोणत्या बाजूने चुकेल? पहिला थेंब रंगहीन व्हायला वेळ लागला तर काय कराल? या प्रश्नांना गुण देऊ नयेत, किंवा द्यायचेच तर उत्तर बरोबर असण्याला नव्हे, तर दिल्याला द्यावेत. गुण आले की उत्तरे ग्रुपवर फिरू लागतात. उत्तरे प्रात्यक्षिकाच्या सकाळी शिक्षकाने वाचावीत, कारण त्यातूनच त्या दिवशी कशावर बोलायचे हे कळते.

प्रात्यक्षिकाच्या दिवशीची पहिली दहा मिनिटे या साऱ्या खटाटोपाचा निकाल लावतात. व्हिडिओ पाठवूनही शिक्षकाने नेहमीप्रमाणे संपूर्ण कृती फळ्यावर पुन्हा सांगितली, तर दुसऱ्या आठवड्यापासून कोणी व्हिडिओ पाहणार नाही, आणि त्यात विद्यार्थ्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. कृती पुन्हा सांगू नये. सकाळच्या उत्तरांत जी शंका सर्वाधिक दिसली तिच्यावर पाच मिनिटे बोलावे, एका विद्यार्थिनीला पुढे बोलावून ब्युरेट भरून घ्यावी, बाकीच्यांनी तिच्या हाताकडे पाहून चूक सांगावी, आणि थेट कामाला लागावे. पहिल्या दोन आठवड्यांत गोंधळ होईल. ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना बाजूला बसवून व्हिडिओ दाखवावा आणि मग टेबलावर पाठवावे, पण सगळ्यांसाठी कृती पुन्हा सांगण्याच्या मोहात पडू नये. तिसऱ्या आठवड्यापर्यंत बॅचला कळते की सर सांगणार नाहीत.

वाचलेला वेळ कशात घालायचा हेही आधी ठरवावे. माझ्याकडे पायलट (अंदाजाचे पहिले) रीडिंग आणि तीन कॉन्करंट (एकमेकांशी जुळणारी) रीडिंग होऊन वीसेक मिनिटे उरू लागली, तेव्हा मी ती विद्यार्थ्यांना एकच रीडिंग ॲसिड अर्धेच घालून घ्यायला सांगण्यात घालवू लागलो. व्हायवाला "ॲसिड का घालतात?" या प्रश्नाची उत्तरे त्यानंतर पाठांतराची राहिली नाहीत.

इतर विषयांत हीच पद्धत थोड्या फरकाने चालते. वनस्पतिशास्त्रात कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करताना मोबाइल सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसवर धरून हवेचा बुडबुडा आणि पेशी शेजारी-शेजारी दाखवावेत, कारण जाड काळ्या कडेचा तो बुडबुडा जर्नलमध्ये पेशी म्हणून काढणारे निम्मे असतात. भौतिकशास्त्रात स्पेक्ट्रोमीटरची मांडणी व्हिडिओला उत्तम जाते. आलेख, गणन आणि प्रतिरूपणासाठी शिक्षण मंत्रालयाच्या व्हर्च्युअल लॅब्स आहेत. त्या जरूर वापराव्यात, पण माऊसने ब्युरेट उघडल्याने बोटांना स्टॉपकॉकची सवय होत नाही.

व्हिडिओ उपयोगी पडला की नाही हे किती वेळा पाहिला गेला यावरून ठरवू नये. पहिली ब्युरेट भरून तयार व्हायला दारातून आत आल्यापासून किती मिनिटे लागली, आणि "पुढे काय?" हा प्रश्न किती वेळा आला, या दोन गोष्टी लॅब असिस्टंटला वहीत टिपायला सांगाव्यात. त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसते. कोणत्या तुकड्यापाशी विद्यार्थी अडतात हे त्या वहीतून कळते, आणि मग पूर्ण व्हिडिओ नव्हे, तेवढाच तुकडा नव्याने चित्रित करावा. आमच्याकडे काचेच्या स्टॉपकॉकऐवजी ग्रीस न लागणाऱ्या टेफ्लॉनच्या स्टॉपकॉकच्या ब्युरेट आल्या, तेव्हा विद्यार्थी व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे त्यांनाही ग्रीस लावत बसले. दुसऱ्याच दिवशी सकाळी खिडकीपाशी क्लॅम्पला मोबाइल अडकवून तो चाळीस सेकंदांचा तुकडा पुन्हा घेतला, आणि या वेळी फनेल काढले आहे ना हे दोनदा पाहून घेतले.